समूह चित्रप्रदर्शनाच्या प्रस्तावासाठी घेतलेली सल्लासेवा : एक अभिप्राय

आमच्या चित्रकारांच्या गटाने संस्थेपुढे समूह प्रदर्शनाचा प्रस्ताव मांडण्यासाठी एका सल्लागाराची सेवा घेतली. या सेवेचे सर्वांत मोठे बळ असे की, मंजुरी देणाऱ्या समितीला कोणते प्रश्न पडतील, याचा विचार तिथे पहिल्या बैठकीपासूनच होतो. प्रत्येक कलाकृतीचे शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि विमामूल्य एका तक्त्यात आले. त्यावरून भिंतींच्या मोजमापांनुसार मांडणीचा आराखडा तयार झाला आणि त्यात चित्रांचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर धरला गेला. जलरंगातील व कागदावरील कामे तीव्र प्रकाशात कायमची फिकी पडतात, म्हणून त्यांच्यासाठी सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आणि तैलचित्रांसाठी २०० लक्सपर्यंत अशी वेगळी प्रकाशयोजना दाखवली होती. हे मला विशेष मोलाचे वाटते, कारण अशी काळजी कागदावर दिसली की समितीचा विश्वास बसतो. वाहतूक व विम्याची जबाबदारी कोणाची, हेही स्पष्ट होते.

संकल्पना-टिपण मात्र कमकुवत होते. इतक्या भिन्न शैलींना जोडणारे सूत्र कोणते, हे सांगण्याऐवजी त्यात कलेच्या महतीची सर्वसाधारण वाक्ये होती. ते आम्ही नव्याने लिहिले, आणि माझ्या मते हे काम कलाकारांनी स्वतःच करावे. अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद होती, परंतु चित्रे परत पाठवण्याचा खर्च सुटला होता. ज्या गटाकडे चांगली चित्रे आहेत पण कागदपत्रांचा अनुभव नाही, त्याने ही सेवा जरूर घ्यावी. चित्रांच्या निवडीवरचे मतभेद मिटवण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.