हवा भरण्याचा छोटा पंप: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्याच्या नोझलबद्दल

गेल्या आठवड्यात या पंपाच्या कंपनीने मला कळवले की नोझलच्या, म्हणजे टायरच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या तोंडाच्या, आतला रबरी वायसर हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही, सुटा वायसर विकतही मिळत नाही आणि पाहिजेच असेल तर संपूर्ण होज, म्हणजे हवेची नळी, ६५० रुपयांना घ्यावा लागेल. पंप घेतला २,२०० रुपयांना. तोच वायसर कासारवडवलीतल्या सायकलच्या दुकानात मला १० रुपयांत मिळाला आणि आजही व्यवस्थित चालतो आहे. या प्रकाराचा मला मनापासून राग आला आहे, आणि तरीही याच पंपामुळे माझे एका टायरजोडीचे पैसे वाचले, म्हणून दोन्ही गोष्टी सविस्तर लिहीत आहे.

पंप नेहमीच्या प्रकारचा आहे: गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, आकडा लावून ठेवला की तिथे आपोआप थांबणारा. वायर मागच्या चाकांपर्यंत पोहोचते, आवाज मोठा आहे, हवेचा दाब ३० वरून ३३ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) करायला दोन-अडीच मिनिटे लागतात आणि सलग दहा मिनिटांहून अधिक चालवू नये अशी सूचना आहे. याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती नोझलची. हे नोझल आट्यांचे आहे, म्हणजे व्हॉल्व्हवर चार-पाच वेढे फिरवून बसवायचे आणि तेवढेच वेढे उलटे फिरवून काढायचे. काढताना शेवटच्या दोन वेढ्यांत वायसर व्हॉल्व्हच्या तोंडापासून सुटलेला असतो, पण व्हॉल्व्हच्या आतली पिन अजून दाबलेली असते, आणि तेवढा वेळ टायरमधली हवा फुसकन बाहेर येत राहते. हे किती नुकसान आहे ते पाहण्यासाठी मी एका चांगल्या टायरवर नोझल लागोपाठ पाच वेळा लावले आणि काढले. आकडे आले ३३, ३२.५, ३१.५, ३१ आणि ३०.५. ज्या उपकरणाने हवा मोजायची, तेच मोजताना दर वेळी अर्धा ते एक पीएसआय हवा सोडून देते, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात एका ओळीनेही सांगितलेली नाही.

याचा त्रास मला प्रत्यक्ष भोगावा लागला. पंप घेतला त्याच सुमारास मागचे डावे चाक सावकाश बसू लागले होते. माझे रोजचे जाणे-येणे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ऐरोली असे आहे. मेट्रोच्या कामामुळे या रस्त्यावर खिळे आणि तारांचे तुकडे नेहमीच पडलेले असतात, त्यामुळे पंक्चर असणार असे मी गृहीत धरले. मी रोज संध्याकाळी घरी आल्यावर हवा पाहू लागलो आणि आकडे काही केल्या जुळेनात. एके दिवशी ३४, दुसऱ्या दिवशी सकाळी ३०, तिसऱ्या दिवशी भरूनही ३२. ऑक्टोबरअखेरीस मी या पंपाचा मापक खोटा आहे असे ठरवून तो परत करण्याच्या बेतात होतो.

ते मत मला बदलावे लागले. चूक मापकाची नव्हती, निम्मी माझी होती आणि निम्मी नोझलची. तीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो आणि त्यात तीन-चार पीएसआय सहज जास्त दिसतात. शिवाय तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की एक पीएसआय कमी होतो, त्यामुळे दुपारी भरलेली हवा थंडीतल्या पहाटे दोन-तीन पीएसआयने कमी दिसणे स्वाभाविक आहे. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा दिलेला असतो, तो थंड टायरचा असतो, हेही मी इतकी वर्षे नीट वाचले नव्हते. त्यानंतर मी दर रविवारी सकाळी सात वाजता, गाडी हलवण्याआधी, चारही चाकांची हवा पाहून वहीत लिहायला सुरुवात केली. मोजण्यासाठी ३५० रुपयांचा वेगळा दाबून धरायचा मापक घेतला, कारण त्यात हवा जवळजवळ जात नाही. पेट्रोल पंपावरच्या यंत्राचा आकडा याच्याशी जुळतो की नाही, याची चिंता सोडून दिली; कमी-जास्त कळण्यासाठी दर वेळी तेच उपकरण आणि तीच वेळ पुरेशी असते.

वहीने तीन आठवड्यांत उत्तर दिले. तीन चाके महिन्याकाठी एखादा पीएसआय सोडत होती, जे कोणत्याही टायरमध्ये होते. मागचे डावे चाक नऊ दिवसांत ३३ वरून २९ वर आले. म्हणजे गळती खरी होती, पण इतकी बारीक की एका दिवसात डोळ्यांना दिसणार नव्हती.

पुढची पायरी साबणाच्या पाण्याची. व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर थेंब ठेवला, तो जसाच्या तसा राहिला. व्हॉल्व्ह हलकेच वाकवून त्याच्या बुडाशी पाणी सोडले, तिथेही काही नाही. टायरच्या नक्षीवर ब्रशने पाणी लावले, मग गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन जमिनीला टेकलेला भागही पाहिला. एक छोटा खिळा दिसला, तो पकडीने उपटला, तर तो रबराच्या जाडीतच अडलेला होता आणि त्या जागी एकही बुडबुडा आला नाही. रिमची बाहेरची कडही कोरडी होती. आतली कड मात्र चाक गाडीला असताना दिसत नाही, आणि नेमकी तिथेच मी थांबलो होतो.

मग टायरच्या दुकानात गेलो. पहिल्या दुकानात चाक काढून पाण्याच्या टाकीत फिरवले, अर्ध्या मिनिटात बाहेर काढले आणि मला सांगण्यात आले, "साहेब, टायर आतून थकलाय, जोडीच बदलून टाका, तेरा हजारांत होईल." टायर तीन वर्षांचा होता आणि त्याची नक्षी निम्म्याहून अधिक शिल्लक होती. मला ते पटले नाही, आणि हातात वही होती म्हणूनच मी नाही म्हणू शकलो.

दुसरे दुकान कळव्यातले, टिनाच्या शेडमधले. तिथल्या काकांनी वही उघडून नऊ दिवसांचे आकडे वाचले आणि म्हणाले, "एवढ्या बारीक गळतीला घाई करून चालत नाही." त्यांनी हवा ४० पर्यंत वाढवली, चाक टाकीत आडवे टेकवले आणि प्रत्येक भाग मिनिटभर पाण्याखाली धरून ठेवला. चौथ्या वेळी रिमच्या आतल्या कडेवर, टायरचा बीड, म्हणजे त्याची रिमला चिकटणारी जाड कड, जिथे बसतो तिथे, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सुटू लागले, एक सुटला की दुसरा तयार व्हायला चार-पाच सेकंद लागत होते. टायर उतरवल्यावर कारण दिसले. अलॉय रिमवरचा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, थर बोटभर लांबीत उचलला गेला होता आणि त्याखाली अॅल्युमिनियमची पांढरी, खडूसारखी भुकटी साचली होती. मागच्या वेळी टायर बदलताना तो उचकटण्याच्या पट्टीचा ओरखडा पडला असावा आणि त्यातून पाणी शिरत गेले असावे, असे काकांचे म्हणणे पडले. त्या भुकटीमुळे बीड रिमवर सपाट बसत नव्हता. त्यांनी तारेच्या ब्रशने ती जागा घासली, बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत केली, पुसून बीडची फट बुजवणारा सीलर लावला, व्हॉल्व्ह नवा बसवला आणि बॅलन्सिंगसह एकूण ३५० रुपये घेतले.

हे काम जानेवारीत झाले. आता मेअखेर आहे, आणि चारही चाकांच्या आकड्यांत आपापसांत अर्ध्या पीएसआयपेक्षा जास्त फरक कधी पडलेला नाही.

पंपाविषयीचे माझे आजचे मत असे आहे. यंत्र चांगले आहे, मापक विश्वासार्ह आहे, पण त्याच्या नोझलला मी माफ करू शकत नाही. आट्यांऐवजी खटक्याने बसणारा १८० रुपयांचा जोड नोझलला लावल्यापासून काढताना फुसकारा येत नाही; हा जोड कंपनीने पहिल्या दिवशी डब्यातच द्यायला हवा होता. ज्यांच्या पंपाला आट्यांचे नोझल आहे त्यांनी हवा लागते त्यापेक्षा एक पीएसआय जास्त भरावी आणि शेवटचे वेढे झटकन फिरवावेत. वायसर दर तीन-चार महिन्यांनी काढून पाहावा. त्याच्या कडेला बारीक खाच दिसली की तो भरतानाही हवा सोडू लागतो आणि पंप दमल्यासारखा जास्त वेळ चालतो. माझ्या पंपाचे फेब्रुवारीअखेरीस हेच झाले होते. कंपनीला तीनदा लिहूनही शेवटी १० रुपयांचाच वायसर आणावा लागला, म्हणून त्याच दुकानातून मी आणखी चार विकत घेऊन डिकीत ठेवले आहेत.