३ किलोवॅट सोलरचा रिव्ह्यू: बिल उतरलं, पण संध्याकाळी ७ चं काय

आमचं घर जुळे सोलापूरला, आरसीसी स्लॅब, दक्षिणेला ना झाड ना बिल्डिंग, आणि ऊन तर सोलापूरला काय कमी नाही. छतावर ३ किलोवॅटचा ऑनग्रिड सेट (म्हणजे वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेला, बॅटरी नसलेला) बसवून वर्ष होऊन गेलं, उन्हाळा पावसाळा सगळं बघून झालं म्हणून आता लिहितोय. नुसतं "मस्त आहे, घेऊन टाका" असं लिहिणार नाहीये, कारण एजन्सीवाले आणि व्हॉट्सॲपवाले जे सांगत फिरतात ना की आता सगळा देश सोलरवर चालणार, कोळसा बंद होणार, त्याचा पण हिशोब मी एकदा कागद-पेन घेऊन मांडला, तो खाली आहेच.

पैशाचं आधी सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार सबसिडी, म्हणजे ३ ला ७८ हजार, आणि त्याच्यापुढे ५ लावा नाहीतर १० लावा, ७८ च. म्हणून गल्लीत बघाल तिथे ३ चाच सेट दिसतो. सबसिडी पाहिजे तर पॅनल डीसीआरचे लागतात, म्हणजे आतला सेलही भारतातच बनलेला, ते जरा महाग पडतात. सगळं धरून दोन लाखांच्या आसपास गेले, सबसिडी नंतर बँकेत जमा झाली. जागा साधारण ३०० स्क्वेअर फूट गेली, वाळवणाला थोडी कमी उरली एवढंच, घरच्यांची कुरकुर चालू असते.

युनिट किती पडतात हा सगळ्यांचा प्रश्न. किलोवॅटला दिवसाला ४ हा जो आकडा सांगतात तो वर्षाची सरासरी धरली तर बरोबर आहे, म्हणजे ३ ला १२. पण रोज १२ नाही हां. लोकांना वाटतं मे महिन्यात बंपर पडत असतील, तर तसं नाही, फेब्रुवारी-मार्च भारी जातो. पॅनल २५ डिग्रीच्या वर तापला की दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर उतरते आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पॅनल ६०-६५ ला असतो, म्हणजे दहा-बारा टक्के तर नुसत्या तापण्यातच गेले. जुलै-ऑगस्टात सलग ढग असले की दिवसाला चार-पाच युनिटवर समाधान मानायचं. धूळ हा वेगळा विषय, सोलापूरची धूळ म्हणजे काय बोलायचं, सकाळी लवकर पॅनल गार असताना पाणी मारायचं, भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

बिल शून्य येतं का? नाही येत, स्थिर आकार भरावाच लागतो. पण आधी उन्हाळ्यात जे बिल बघून एसी बंद करायचो ते आता होत नाही. नेट मीटर म्हणजे बँकेचं खातं समजा, दिवसा जादाचे युनिट जमा, रात्री लागले की काढायचे, उरलेले पुढच्या महिन्यात, आणि मार्चअखेर जे शिल्लक राहतील ते वीज कंपनी विकत घेते, पण तो रेट एकदम कमी असतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा सेट लावून कमाई करू असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या.

आता एक गोष्ट जी विकताना कोणीच धड सांगत नाही. लाइट गेली की ऑनग्रिड सोलर पण बंद! डोक्यावर रणरणतं ऊन, छतावर पॅनल चकाकतायत आणि घरात पंखा बंद. शेजारचे हसतात. पण त्याला कारण आहे, लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छतावरून लाइनीत करंट गेला तर माणूस जाईल, म्हणून ग्रिड, म्हणजे कंपनीची लाइन, गेली की इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) स्वतःहून बंद होतो, तसंच बनवलेलं असतं. बॅकअप पाहिजे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, खर्च खूप वाढतो.

एजन्सीबद्दल: नाव नाही घेत. पॅनल आणि इन्व्हर्टर चांगले दिले, अर्थिंग पण व्यवस्थित केलं, पण नेट मीटरच्या कागदपत्राला जो टाइमपास केला तो विचारू नका, पैसे मिळेपर्यंत रोज फोन आणि नंतर "साहेब साइटवर आहे". स्ट्रक्चर पण बुटकं लावलं, खाली झाडायला वाकून जावं लागतं.

तर मग मोठा प्रश्न, यावर सगळं राज्य चालेल का. आमच्या इथून जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा कोळशाचा प्लांट आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट. तो ६५ टक्के जरी चालला तरी दिवसाला दोन कोटी युनिटच्या वर देतो. माझ्यासारखी १२ युनिटवाली छतं किती लागतील? सतरा लाख. छतं सोडा, जमिनीवर करायचं म्हटलं तर १ मेगावॅट दिवसाला चार-साडेचार हजार युनिट देतो, म्हणजे ५,००० मेगावॅटचं सोलर, मेगावॅटला चार-पाच एकर धरा, वीस-पंचवीस हजार एकर. एका प्लांटसाठी! अशक्य आहे असं नाही म्हणत मी, राजस्थानात जोधपूरकडे भाडलाला २,२४५ मेगावॅट उभंच आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत देशाचं सोलर १०० गिगावॅटच्या, म्हणजे एक लाख मेगावॅटच्या, पुढे गेलं. जमीन मिळेल, पॅनल मिळतील, पॅनलचे रेट पण उतरलेत.

अडतंय ते संध्याकाळी. सात वाजता ही सतरा लाख छतं मिळून शून्य युनिट देतात आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांच्या घरी लाइट, टीव्ही, एसी, इथले यंत्रमाग सगळं चालू. माझं बिल कमी आलं हे खरं, पण रात्रीचा माझा पंखा कोळसा आणि कोयनाच फिरवतात, सोलर नाही. मी दिवसा "जमा" केलेले युनिट कुठे साठवलेले नसतात हो, ते तेव्हाच शेजारी कोणीतरी वापरून टाकलेले असतात. एका घराला हे खातं परवडतं, सगळ्यांनीच दिवसा जमा करून रात्री काढायचं ठरवलं तर द्यायचं कोणी?

म्हणून मला विचाराल तर सोलर सगळ्यात फिट कुठे बसतं, तर शेतीपंपाला. राज्यात ४५ लाखांच्या आसपास शेतीपंप आहेत, पाणी दिवसा दिलं तरी चालतं, उलट शेतकऱ्याला तेच पाहिजे, रात्री दोनला थंडीत साप-बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला कोण हौसेने जातं? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० त्यासाठीच आहे, टार्गेट १६,००० मेगावॅट, गावच्या सबस्टेशनजवळ छोटे छोटे प्लांट, पहिला वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा झाला. इथे साठवायची कटकट नाही, लांबची लाइन नाही. ही आयडिया मला छतापेक्षा पण जास्त पटलेली आहे.

आणि संध्याकाळचं उत्तर पण आपल्याकडे नाही असं नाही, सह्याद्री आहे की. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे, खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि लागेल तेव्हा सोडून वीज करायची. पूर्वी असलं पंपिंग रात्रीच्या फालतू विजेवर करायचे, आता तेच दुपारच्या सोलरवर करायचं. टाटा पॉवरचे भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटचे प्रकल्प ठरलेत, बॅटरीचे भाव पण पडतायत. पण हे सगळं धरलं की सोलरचा तो स्वस्त रेट स्वस्त राहत नाही, साठवणीचा खर्च त्यात मिळवून मग बोला. आणि पावसाळ्यात सलग आठवडाभर ढग असले तर पाच-सहा तासांची साठवण काय पुरणार, तेव्हा कोळसा लागेलच, निदान अजून बरीच वर्षं.

रेटिंग: पॅनल-इन्व्हर्टरला ५ पैकी साडेचार, एजन्सीला अडीच, "सगळा देश सोलरवर" या जाहिरातीला दोन. घरी महिन्याला २०० च्या वर युनिट जळत असतील आणि छत स्वतःचं असेल तर बिनधास्त घ्या. स्ट्रक्चर माणूस खालून उभा जाईल इतकं उंच मागा, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसून पहिलं बिल हातात येईपर्यंत देऊ नका.