परसातल्या कोंबड्यांना काय घालायचं: दाणे, लेअर मॅश की घरचं मिश्रण?

सहा कोंबड्या, रोज जेमतेम दोन अंडी आणि कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जायचं. धायरीत घरामागे खुराडं केलं त्या पहिल्या वर्षीची ही गोष्ट. सकाळ-संध्याकाळ ओंजळभर बाजरी घालत होते. कोंबड्या आवडीनं खायच्या, त्यामुळे खाण्यातच चूक असेल असं मनातही आलं नाही.

हिशेब मांडल्यावर उलगडलं. जास्त अंडी देणाऱ्या जातीची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते आणि तिला त्यातून १७-१८ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे खाद्यात साधारण १६ टक्के. एका अंड्यातच सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं निघून जातात. बाजरीत ती ११ टक्के, ज्वारीत १०, मक्यात ९. पोटभर बाजरी खाऊनही कोंबडीला १२ ग्रॅमच मिळतात. शिवाय दाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, मग कवच कशाचं होणार?

नुसते दाणे गावरान कोंबडीला चालतात, पण ती दिवसभर उकिरड्यावर, शेतात किडे-मुंग्या टिपत असेल तर. आणि ती वर्षाला ६०-८० अंडीच देते, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे पुण्यात घरामागे बहुतेक फरशी किंवा कोबा. तिथे किडे कुठून येणार?

लेअर मॅश म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठी बाजारात मिळणारं तयार भरड खाद्य. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. दहा-बारापर्यंत कोंबड्या असतील तर माझं स्पष्ट मत, हेच घ्या. फक्त त्यात अर्धे दाणे मिसळू नका. अर्धी बाजरी घातली की प्रथिनं १४ टक्क्यांवर येतात आणि कॅल्शियम निम्मं होतं. संध्याकाळी कोंबडीमागे छोटी मूठभर, २० ग्रॅम दाणे पुरे. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, मात्र पहिलं अंडं येईपर्यंत लेअर मॅश देऊ नये, इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

घरचं मिश्रण २५-३० कोंबड्यांच्या पुढे परवडतं. दहा किलोसाठी मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयापेंड दोन किलो दोनशे ग्रॅम, गव्हाचा कोंडा एक किलो शंभर ग्रॅम, शिंपल्याचा चुरा नऊशे ग्रॅम, बाकी तीनशे ग्रॅममध्ये कोंबड्यांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण आणि चिमूटभर मीठ. प्रथिनं १६ टक्क्यांच्या थोडी वर जातात. भरडा जाडसरच ठेवा. पिठासारखा झाला तर चोचीला चिकटतो, आणि पाण्याच्या भांड्यात तळाला पिवळा गाळ साचतो. सोयाबीन कच्चं कधीच घालू नका, त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात; प्रक्रिया केलेली पेंडच हवी. सोयापेंडीत मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते थोड्या सुकटीनं भरून निघतं. पण सुकट खारट नको, आणि जास्त झाली तर अंड्याला वास येतो. शेंगदाणा पेंड स्वस्त वाटते खरी, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. जून ते सप्टेंबर मी ती आणतच नाही.

काही जण ‘ताकदीचं’ म्हणून ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं खाद्य घालतात. त्यात प्रथिनं २० टक्के, पण कॅल्शियम एकच टक्का. जादा प्रथिनं विष्ठेतून बाहेर पडतात, खाली अंथरलेला भुसा ओला राहतो, खुराड्यात वाकलं की अमोनियानं डोळे चुरचुरतात. अंडी वाढत नाहीतच.

प्रथिनांची टक्केवारी दोनदाच वाढवावी. एप्रिल-मेमध्ये दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख पसरून सावलीत बसतात आणि खाणं ८५-९० ग्रॅमवर येतं. तेव्हा १८ टक्क्यांचं खाद्य द्यावं आणि ते पहाटे व संध्याकाळी घालावं. दुसरी वेळ पिसं झडण्याची. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, त्यामुळे नवी पिसं भरेपर्यंत तेच १८ टक्क्यांचं चालू ठेवा.

आणि खाद्य बदलायचं असेल तर जुन्यात नवं मिसळत आठवडाभरात बदला.