टीव्हीच्या जुन्या केबलवरून इंटरनेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोका अ‍ॅडॉप्टरने, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट नेणाऱ्या छोट्या डब्यांनी, प्लॅनचा स्पीड वाढत नाही. राउटरपाशी जो स्पीड येतो, तो लांबच्या खोलीपर्यंत न गळता पोचतो, एवढंच. पण माझी अडचण नेमकी तीच होती.

भिंतीतून गेलेली टीव्हीची कोअ‍ॅक्सिअल केबल रिकामीच पडून होती. तिच्या एका टोकाला राउटरजवळ एक अ‍ॅडॉप्टर आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. तिथून लॅनची वायर अ‍ॅक्सेस पॉइंटला, म्हणजे त्या खोलीत वायफाय देणाऱ्या डब्याला. अ‍ॅप नाही, लॉगिन नाही; दिवे लागले की झालं. आधी मेश वायफायचा सॅटेलाइट (लांबच्या खोलीतला जोड-डबा) वायफायवरच राउटरशी बोलायचा, त्यामुळे अर्धा स्पीड वाटेतच जायचा. आता मोठ्या फाइल्स चढवताना व्हिडिओ कॉल अडकत नाही. पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) तीन-चार मिलिसेकंदांनी वाढतो. मला तो जाणवत नाही, कट्टर गेमर कदाचित कुरकुर करतील.

खोक्यावरच्या २.५ गिगाबिटला मात्र भुलू नका. मोका २.५ या आवृत्तीत ती क्षमता केबलवरच्या सगळ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये आणि दोन्ही दिशांमध्ये वाटली जाते. शिवाय अ‍ॅडॉप्टरचा लॅन पोर्ट १ गिगाबिटचा असेल, तर हातात ९४० मेगाबिटच्या आसपासच पडतात.

खरी मेख स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका केबलचे फाटे करणाऱ्या जोडात आहे. जुन्या स्प्लिटरवर बहुतेक वेळा ५ ते १००२ मेगाहर्ट्झ असं छापलेलं असतं आणि मोका साधारण ११२५ ते १६७५ मध्ये चालतं. अशा स्प्लिटरमधूनही लिंक लागते, म्हणून दोष पटकन कळत नाही. स्पीड मात्र कमी-जास्त होत राहतो. दोनच टोकं जोडायची असतील तर स्प्लिटर काढून केबल थेट जोडणं उत्तम. स्प्लिटर लागणारच असेल तर १६७५ पर्यंतचा घ्या आणि रिकाम्या तोंडांना ७५ ओहमचे टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपणं) लावा. केबलच्या टोकाचे ढिले एफ-कनेक्टर तर आधीच बदलून टाका. महागडा अ‍ॅडॉप्टर घेऊन सडका जोड तसाच ठेवण्यात काय अर्थ?

केबल इमारतीच्या सामायिक लाइनला जोडलेली असेल तर ती जिथून घरात येते तिथे मोकाचा सिग्नल अडवणारा मोका फिल्टर हवाच, नाहीतर तुमचा सिग्नल शेजाऱ्याच्या केबलमध्ये शिरेल. अ‍ॅडॉप्टरमध्ये पासवर्डची सोय असते, तीही वापरा. डिशची केबल असेल तर हा नाद सोडा, कारण डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो आणि दोघांची टक्कर होते. इंटरनेटच केबलवरून येत असेल तर मोडेम कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत जातो ते पाहा, डॉक्सिस ३.१ची (केबल इंटरनेटच्या एका मानकाची) पट्टी १२१८ पर्यंत, म्हणजे मोकाच्या पट्टीत पोचू शकते.

तक्रारी किरकोळ आहेत: अ‍ॅडॉप्टर दिवसभर कोमट राहतात आणि दोन प्लग कायमचे अडतात.

भिंतीतल्या पाइपातून कॅट ६ सहज ओढता येत असेल, तर मात्र तीच ओढा. स्वस्तही पडेल.