मॅक मिनीला एसएसडी केसिंग घेताय? १० जीबीपीएसवालं की यूएसबी४ वालं, दोन्ही वापरून लिहितोय

एम४ मॅक मिनी (ॲपलचा छोटा डेस्कटॉप) घेतला की पुढचा प्रश्न स्टोरेजचाच येतो. २०२४ मध्ये आला तेव्हा २५६ जीबीवाला ५९,९०० ला आणि ५१२ वाला ७९,९०० ला, म्हणजे वाढीव २५६ जीबीचे सरळ वीस हजार रुपये. एवढे पैसे तिथे घालण्यात काहीच अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे, कारण बाहेर केसिंगमध्ये (एसएसडी बसवून केबलने जोडायची डबी) लावलेली एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी उद्या मशीन बदललं तरी तुमच्याकडेच राहते, आणि कमी पडली तर तेवढीच काढून मोठी टाकता येते.

माझं काम म्हणजे नाटकांचं आणि गाण्याच्या कार्यक्रमांचं शूटिंग आणि एडिटिंग, तीन कॅमेरे, फोर के. टेबलावर दोन केसिंग आहेत, एक १० जीबीपीएसवालं (सेकंदाला १० गिगाबिट) ज्याच्यात रियलटेकची आरटीएल९२१०बी चिप (एसएसडीला यूएसबीशी जोडणारी) आहे आणि दुसरं यूएसबी४ वालं (४० गिगाबिटचं), त्यात एएसमीडियाची एएसएम२४६४पीडी. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाहीये, कारण त्याच नावाच्या मॉडेलमध्ये बॅच बदलली की आतली चिप बदललेली असते, म्हणून तुम्ही चिप बघूनच घ्या. घरी आल्यावर खात्री करायची सोपी पद्धत आहे, मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबी उघडा, विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यात चिप कंपनीचा कोड असतो, ०बीडीए दिसलं तर रियलटेक, १५२डी म्हणजे जेमायक्रॉन, १७४सी म्हणजे एएसमीडिया. बॉक्सवर एक लिहिलंय आणि आत दुसरंच निघालं तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करून टाका.

आता स्पीड. १० जीबीपीएसवालं प्रत्यक्षात सेकंदाला साधारण हजार एमबीपर्यंत जातं, यूएसबी४ वालं चांगली एसएसडी असेल तर तीन हजारांच्या वर. आकडे ऐकून सगळे यूएसबी४ कडेच धावतात, पण एडिटिंगला लागतं किती ते आधी बघा ना. फोर के प्रोरेस ४२२ एचक्यू (ॲपलचा एडिटिंगचा जड व्हिडिओ फॉर्मॅट), २५ फ्रेम्सला, साधारण ७३७ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ९२ एमबी. तीन कॅमेरे एकदम टाइमलाइनवर चालवले तरी तीनशेच्या आत. हजारवालं केसिंग हे आरामात ओढतं, माझे तीन अंकी नाटकाचे मल्टिकॅम त्याच्यावरच एडिट होतात आणि प्लेबॅक अडकत नाही. कार्डावरून कॉपी करताना तर अजूनच फरक पडत नाही, यूएचएस-१ (कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाचा स्पीडचा प्रकार) कार्ड शंभराच्या आसपास आणि यूएचएस-२ कार्ड जास्तीत जास्त ३१२ एमबी देणार, मग पलीकडे कितीही फास्ट डिस्क असली तरी वेळ कार्डच खाणार.

मग यूएसबी४ कशाला घेतलं? कारण मी पूर्ण होम फोल्डर आणि जड ॲप्स बाहेरच्या डिस्कवर हलवली (मॅकओएस सिक्वोया १५.१ पासून ॲप स्टोअरमधली एक जीबीपेक्षा मोठी ॲप्स थेट बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात, ही फार कामाची सोय आहे). हजारो छोट्या फाइल्स सतत उघडायच्या-मिटायच्या असतात तिथे यूएसबी४ चा फरक हाताला जाणवतो, कारण मॅकला ती डिस्क थेट पीसीआयई एनव्हीएमई म्हणून, म्हणजे आतल्या डिस्कसारखी दिसते, ट्रिम (पुसलेल्या फाइल्सची जागा डिस्कला मोकळी करू देणारी सोय) चालतं, स्मार्टमध्ये (डिस्कचा स्वतःचा आरोग्य अहवाल) डिस्कची तब्येतही दिसते. साध्या यूएसबीवर मॅकमध्ये ट्रिम सहसा चालत नाही. पण किमतीत चौपट-पाचपट फरक आहे हो, १० वालं दोन हजारांच्या आसपास मिळतं आणि यूएसबी४ वालं नऊ-दहा हजारांच्या घरात जातं. नुसतं फुटेज ठेवायला आणि एडिट करायला हवं असेल तर १० जीबीपीएसच घ्या आणि उरलेले पैसे मोठ्या एसएसडीत घाला, कोणीही विचारलं तर मी हेच सांगतो.

मधलं २० जीबीपीएसवालं, यूएसबी ३.२ जेन २ बाय २, मॅकसाठी अजिबात घेऊ नका. मॅकवर ते १० वरच चालतं, जास्तीचे पैसे वाया. असेंबल्ड पीसी असेल तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये नीट बघा की २ बाय २ असं स्पष्ट लिहिलेला टाइप सी पोर्ट आहे का, नसेल तर तिथेही तेच होणार. आणि जुनं थंडरबोल्ट ३ वालं (टाइप सी सारखाच दिसणारा, पण वेगळा वेगवान पोर्ट) सेकंडहँड स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर आधी विचारा की साध्या यूएसबी पोर्टवर चालतं का, कारण त्यातली बरीच चालतच नाहीत, उद्या मित्राच्या पीसीला लावायची वेळ आली की पंचाईत.

मॅक मिनीमध्ये पोर्ट कुठला हेही महत्त्वाचं आहे. एम४ मध्ये पुढचे दोन टाइप सी १० जीबीपीएसचे आणि मागचे तीन थंडरबोल्ट ४ चे. यूएसबी४ वालं केसिंग पुढे लावलंत तर ते १० वरच येणार, त्याला मागेच जोडा. १० वालं मात्र पुढे लावा, काही फरक पडत नाही आणि काढाघालायलाही सोपं.

केबल! याच्यावर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. एका दुकानात मला केसिंगसोबत जी केबल मिळाली ती नुसती चार्जिंगची निघाली. दिसायला टाइप सी, जाडजूड, पण आतून यूएसबी २, म्हणजे ४८० मेगाबिट, कॉपीचा स्पीड चाळीस एमबीच्या वर जाईना. दुकानदार म्हणे डिस्कच स्लो आहे. घरातली दुसरी केबल लावली आणि तीच डिस्क साडेनऊशेवर गेली. त्यामुळे घेताना केबलवर १० किंवा ४० असा आकडा छापलेला आहे का बघा, आणि आखूडच वापरा, टेबलावर लांब केबलची गरजही नसते.

गरम होण्याबद्दल लोक फार घाबरतात. मेटलचं केसिंग हाताला चांगलंच गरम लागतं, आणि ते चांगलं लक्षण आहे, आतली उष्णता बाहेर येतेय. प्लास्टिकचं पारदर्शक केसिंग दिसायला छान, हाताला गारही लागतं, पण आत एसएसडी भाजत असते आणि मोठी कॉपी चालू असताना स्पीड धाडकन पडतो. बसवताना एसएसडी तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवायची, मग खाली दाबायची, मागचं रबराचं बटण खाचेत नीट बसलंय ना ते बघायचं आणि थर्मल पॅडची (उष्णता झाकणाकडे नेणारी मऊ पट्टी) फिल्म दोन्ही बाजूंनी काढायची. वरची निळी फिल्म सगळे काढतात, खालची पातळ पारदर्शक असते ती नखाने उचलल्याशिवाय दिसतच नाही. पॅड एसएसडीच्या चिप्सना आणि केसिंगच्या झाकणाला दोन्हीकडे टेकला पाहिजे, मध्ये हवा राहिली तर मेटलचा उपयोग शून्य. यूएसबी४ ची चिप स्वतःच बरीच तापते, त्यामुळे तिथे पंखावालं घ्यावं का असं विचारतात, माझ्यामते पंख्याचा बारीक आवाज रात्री एडिट करताना डोक्यात जातो, जाड फिन्सवालं बिनपंख्याचं घ्या आणि मोकळ्या हवेत ठेवा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात खोलीच चाळीसला टेकते तेव्हा मी ते आडवं न ठेवता उभं ठेवतो.

आत एसएसडी कुठली टाकायची तर टीएलसीवालीच (एका सेलमध्ये तीन बिट), क्यूएलसी (चार बिट, स्वस्त पण स्लो) नको. क्यूएलसीची कॅश (तात्पुरती वेगवान जागा) भरली की दोनशे-तीनशे जीबीच्या कॉपीत स्पीड जुन्या हार्ड डिस्कसारखा होतो. आणि १० जीबीपीएससाठी पीसीआयई जेन ४ ची महागडी, सात हजार एमबीवाली डिस्क घेऊ नका, साधी जेन ३ सुद्धा पुरते. घरी जुन्या लॅपटॉपमधून निघालेली एम.२ साटा (तशीच दिसणारी, पण जुन्या स्लो प्रकारची) डिस्क असेल तर आरटीएल९२१०बी घ्या, ती साटा आणि एनव्हीएमई दोन्ही घेते, नुसती ९२१० फक्त एनव्हीएमई.

फॉर्मॅटचं शेवटी सांगतो. फक्त मॅकवरच वापरणार असाल तर एपीएफएस (ॲपलचा स्वतःचा फॉर्मॅट). विंडोजलाही लावायचं असेल तर एक्सफॅट, पण एक्सफॅटला जर्नलिंग (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) नसतं, कॉपी चालू असताना केबल हलली किंवा लाइट गेली तर फाइल्स जाऊ शकतात, त्यामुळे ज्याचं पुन्हा शूटिंग होणार नाही असं फुटेज मी एक्सफॅटवर एकटं कधीच ठेवत नाही, दुसरी कॉपी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉर्मॅट करत नाही.