दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा? मेकॅनिकलकडे वळणाऱ्यांसाठी

फी, मुदत, कटऑफ हे सगळं तुम्ही एव्हाना शोधलंच असेल, ते सोडून देतो. मी आधी आयटीआयचा फिटर झालो, मग कंपनीत अप्रेंटिस, आणि त्यानंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात शिरलो. त्यामुळे दोन्हीकडची बाकं माझ्या ओळखीची आहेत.

डिप्लोमाचं आधी सांगतो. मुलाचं गणित पक्कं असेल आणि पुढे डिग्री करायचीच असेल, तर हाच सरळ रस्ता. ड्रॉइंग, मटेरियलची ताकद, डिझाइनचं गणित तिथे जसं समजतं, तसं आयटीआयमध्ये समजत नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या सरकारी भरतीतही आयटीआयचं प्रमाणपत्र पुरत नाही. इथवर वाद नाही.

माझा निर्णय झाला तो जर्नलमुळे. मोठा भाऊ डिप्लोमाला होता आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या घरी चार-पाच जण एकाच जर्नलवरून उतरवत बसायचे. लेथचं (धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्राचं) चित्र, नावं, निरीक्षणं, निष्कर्ष, सगळं गेल्या वर्षीच्या बॅचचं. पुढे मी स्वतः डिप्लोमाला गेलो तेव्हा कारण कळलं. चालू लेथ एक आणि भोवती अख्खी बॅच. पुढच्यांना चक, म्हणजे तुकडा पकडणारा जबडा, दिसायचा, मागच्यांना पुढच्यांच्या माना. इन्स्ट्रक्टर एक कट घेऊन दाखवायचे, तेवढ्यात तास संपायचा. जॉब, म्हणजे घडवायला दिलेला तुकडा, बिघडला तर कुणी विचारत नसे, जर्नलवर सही नसेल तर मात्र धावपळ. सगळी कॉलेजं अशी नसतील, पण मित्रांकडून ऐकलेलं फारसं वेगळं नव्हतं.

आयटीआयमध्ये याच्या अगदी उलट. सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसती कानस. लोखंडी पट्टीचा एक तुकडा घासायचा, गुण्या लावायचा आणि खिडकीसमोर धरायचा. गुण्या आणि तुकड्याच्या मधून केसाएवढा जरी उजेड दिसला तरी सर तुकडा परत बाकावर ठेवायचे. कंटाळा यायचा, तळहाताला घट्टे पडायचे. पण नंतर कंपनीत मायक्रोमीटर हातात आला, तेव्हा मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे किती, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मुलाखतीतला ‘येतं काय?’ हा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो.

अप्रेंटिसशिपला लोक उगाच कमी लेखतात. कायदा १९६१ चा आहे, नवीन काही नाही. फिटरची दोन वर्षं आणि अप्रेंटिसशिपचं एक, झाली तीन. डिप्लोमाही तीनच वर्षांचा, पण तो संपवूनही बरीच मुलं वर्षभर अप्रेंटिस म्हणून राबतातच. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान ७,००० आणि डिप्लोमावाल्याला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. तेवढ्या फरकासाठी काय करायचं ते तुम्हीच बघा. काही ठिकाणी अप्रेंटिसला वर्षभर नुसता माल चढवायला-उतरवायला लावतात, हेही खरं. मला व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, चांगला भेटला. ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचे आकडे, टाकताना तो मला शेजारी उभं करायचा आणि पहिला पीस मलाच मोजायला लावायचा.

आता आयटीआयची खोट. ऑपरेटरचा शिक्का लवकर बसतो, शिफ्ट सुटत नाही आणि सुपरवायझरच्या जागेची जाहिरात आली की पात्रतेत ‘डिप्लोमा’ लिहिलेलं असतं. लग्नाच्या बायोडाटात काय होतं ते तर विचारूच नका. म्हणूनच मी नंतर डिप्लोमा केला. दुसऱ्या वर्षाच्या गणिताने घाम काढला, पण वर्कशॉपमध्ये मुलं मला विचारायला यायची. हा क्रम थोडा लांबचा आहे, घरची परिस्थिती असेल तरच झेपतो. तरीही आज कुणी मला विचारलं, तर मी हाच सांगेन.

दोन्ही प्रवेश वेगवेगळ्या पोर्टलवर होतात, तेव्हा फॉर्म दोन्हीकडे भरायला हरकत नाही. शाळा सोडल्याचा दाखला कुठे जमा करायचा हे ठरवण्याआधी कामाच्या दिवशी दोन्ही वर्कशॉप बघून या. प्लेसमेंटचा बोर्ड वाचत बसू नका, लेथखाली वाकून बघा. ताजा कीस पडलेला असेल तर मशीन चालतंय. धूळ असेल तर पुढच्या संस्थेत जा, मग ती आयटीआय असो की पॉलिटेक्निक.