जुन्या डिझेल गाडीची सगळी ऑइलं एकदम बदलली : ११ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी ८२ हजार किलोमीटर चाललेली, १.३ लिटर डिझेल इंजिनची हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकांनी सगळी बिलं फाइलला लावून दिली होती. दर वर्षी ऑइल बदलल्याची नोंद दिसली आणि मी निर्धास्त झाले. नोकरी कराडला, माहेर चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट ठरलेला.

दुसऱ्याच महिन्यात घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडलं. शेजारी आई, पुढे भरलेला ट्रक. पाय दाबला की पेडल खाली जायचं, पण गाडी धरत नव्हती. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला कशीबशी उभी केली. पाऊण तासाने पेडल पुन्हा कडक! काही झालंच नव्हतं असं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

कराडच्या मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून दाखवलं. आत काळ्या चहासारखा रंग. म्हणाले, "ताई, लेव्हल बरोबर दिसते म्हणून कुणी हात लावला नाही. हे गाडीबरोबर आलेलंच असणार." घरी येऊन फाइल परत चाळली. इंजिन ऑइल, फिल्टर, वॉशिंग, पॉलिश सगळं होतं. ब्रेक ऑइलचा उल्लेख एकाही बिलात नाही.

हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, झाकण बंद असलं तरी. डॉट-४ प्रकारचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर डिस्क तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते आणि आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पेडल जागेवर. माझंही चुकत होतं. अख्खा घाट मी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचे. आता दुसरा टाकते, इंजिनच गाडी आवरून धरतं.

त्याच आठवड्यात ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), गिअर ऑइल आणि ऑइल-डिझेलचे फिल्टर सगळं बदलून घेतलं. मजुरीसकट साडेसात हजारांच्या आत झालं. स्टीअरिंग विजेवर चालणारं आहे, त्यामुळे त्याचं ऑइल नाही.

कूलंटच्या जागी तर नुसतं गंजाळलेलं पाणी निघालं. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?' हे मी कित्येकांकडून ऐकलंय. पण कूलंट गंज थांबवतं आणि उकळण्याची मर्यादाही वाढवतं. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात, किटलीत बसतात तसेच. मिस्त्रींनी डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुऊन काढलं, मग अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरलं. आधी चढावर एसी लावला की तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकायचा. या मे महिन्यात एकदाही सरकला नाही. इंजिन गरम असताना मात्र रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच, ५डब्ल्यू-३० (ऑइल किती घट्ट-पातळ ते सांगणारा क्रमांक). शंभर-दोनशे किलोमीटरमध्येच ते काळं झालं, तेव्हा मी घाबरून फोन केला होता. डिझेल इंजिनमध्ये काजळी ऑइलमध्ये उतरते, तो रंग तसाच असतो. काळजी करायची ती लेव्हलची. या इंजिनला टायमिंग चेन (इंजिनच्या फेऱ्यांशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी) आहे आणि चेनचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो. ऑइल कमी पडलं की चेन खडखडायला लागते, आणि पुढे इंजिनचं मोठं काम निघतं. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा तर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून घाट चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन सुरू ठेवते, मग बंद करते.

दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, ऑइलची पट्टी काढून फडक्याने पुसते, परत घालून बघते. पाच मिनिटं लागतात. साडेसात हजार किलोमीटरमध्ये सुमारे ३०० मिलिलिटर टॉप-अप लागलं. पुस्तकात १० हजार किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलंय, पण घाट आणि गावातली थांबत-थांबत धाव बघून साडेसात हजारांनाच बदललं. त्या वेळी दुसऱ्या एका गॅरेजने वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरून दिलं होतं! जास्त ऑइल क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) माराने फेसाळतं, फेसात हवा असते आणि बेअरिंगला हवं तसं वंगण मिळत नाही. पट्टी बघितली म्हणून कळलं, जादाचं काढून घेतलं. आता बदलल्यावर तिथेच उभी राहून पट्टी बघते, आणि जुनं ऑइल गटारात जात नाही ना, तेही विचारते.

११ महिन्यांत गाडी बारा हजारांवर चालली. कुंभार्ली पंचवीसेक वेळा उतरले, त्यात ऐन पावसातही; पेडल एकदाही मऊ पडलं नाही. सकाळी सुरू करताना जी बारीक खडखड यायची तीही कमी झालीय. मायलेजमध्ये मला फरक जाणवला नाही.

ब्रेक ऑइलची तारीख बोनेटच्या आत चिकटवून ठेवलीय, दोन वर्षांनी पुन्हा बदलायचंय. भावाच्या स्कूटरचं गिअर ऑइल पाच वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं. लागतं जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी जाऊन तेही बदलून आणलं.